हुकूम आणि होकार

विद्येचे माहेरघर म्हणून पुण्याची जितकी ख्याती आहे, तितकेच ते लष्कराचेही शहर आहे. शहराच्या एका मोठ्या भागाला आम्ही पुणेकर आजही ‘लष्कर’ याच नावाने ओळखतो. आपल्या कॅथलिक समाजाचा तर या छावणीशी फार जुना संबंध. १८५० साली सेंट पॅट्रिक कॅथिड्रल उभे राहिले ते प्रामुख्याने आयरिश कॅथलिक शिपायांच्या उपासनेसाठी. खडकीचे मंदिर ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते संत इग्नेशियस स्वतःच एके काळी सैनिक होते. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्या दीर्घ आजारपणात त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. आपल्या कितीतरी कुटुंबांत एखादा हवालदार, एखादा सुभेदार, लष्करी इस्पितळात सेवा केलेली एखादी परिचारिका आहे. तेव्हा सैनिकाच्या देहाचा आणि आरोग्याचा प्रश्न आपल्याला परका नाही.

या छावणीत सैनिकाच्या देहाची निगा राखणाऱ्या संस्थाही मोठ्या आहेत. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली येथे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९४८ साली सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, ज्याला सारे पुणे ‘ए.एफ.एम.सी.’ म्हणते. वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे. खडकीत १९७४ साली पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर निघाले; कण्याला दुखापत होऊन ज्यांचे अंग लुळे पडले, अशा सैनिकांचे ते घरच आहे. जेथे सैनिकांवर उपचार होतात, तेथे त्यांच्या आजारांचा अभ्यासही ओघाने येतो. पूर्वी न समजलेले दुखणे समजून घ्यावे, नवे औषध पारखावे, युद्धाने मनावर काय परिणाम होतो ते पाहावे, ही वैद्यकाची रीतच आहे. आणि येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो, ज्याचा विचार या लेखात करावा असे आम्हांस वाटते. ज्याने देशासाठी प्राण देण्याची शपथ घेतली आहे, त्याचा देह संशोधनासाठी हाती घेताना त्याला पुन्हा वेगळे विचारण्याची गरज आहे काय? आणि ज्यांनी कसलीच शपथ घेतलेली नाही, त्या त्याच्या पत्नीला, आईला, मुलांना कोणी आणि काय विचारावे?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की सैनिकांविषयीच्या संशोधनाने मानवजातीवर मोठे उपकार केले आहेत. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा मैदानी मुलुखातील जवानांना घाईघाईने हिमालयाच्या उंच चौक्यांवर न्यावे लागले. तेथील विरळ हवेत धडधाकट तरुणांना धाप लागे, फुप्फुसांत पाणी भरे आणि काही तासांत प्राणावर बेते. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा कसून अभ्यास केला. १९६९ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात १,९२५ भारतीय सैनिकांच्या निरीक्षणांचा आधार होता. उंचीवरच्या आजाराविषयीचा तो एक पायाभूत निबंध मानला जातो. आज आपल्या सेनेत जवानाला एकदम शिखरावर पाठवीत नाहीत. नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार दिवस, पंधरा हजारांच्या वर आणखी चार दिवस, असे टप्प्याटप्प्याने त्याचे शरीर त्या हवेला सरावू देतात. अमरनाथला किंवा मानसरोवराला जाणाऱ्या यात्रेकरूला डॉक्टर जेव्हा ‘सावकाश चढा’ असे बजावतात, तेव्हा त्या सल्ल्यामागे अशा अनाम जवानांचे कष्ट असतात.

दुसरे उदाहरण खडकीला अधिक जवळचे. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेले बहुतेक शिपाई थोड्याच काळात दगावत. गोळीतून ते वाचत, पण अंथरुणाला खिळल्यामुळे पाठीला पडणारे व्रण आणि लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग त्यांचा घास घेत. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी विभाग उघडला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी, त्याला निरुपयोगी समजून पडू देऊ नये, खेळायला लावावे, असा त्यांचा आग्रह होता. १९४८ साली त्यांनी तेथे चाकांच्या खुर्चीवरील सैनिकांचे सामने भरवले. त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा जन्मास आल्या. सांगली जिल्ह्याच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे ठरले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका डॉक्टरने जखमी शिपायाकडे नीट पाहिले, त्याचे फळ किती दूरवर पोहोचले ते यावरून ध्यानी येते.

परंतु याच क्षेत्राची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. दाखाऊच्या छळछावणीत कैद्यांना बर्फाळ पाण्यात बुडवून ठेवण्यात आले, विरळ हवेच्या कोठडीत कोंडण्यात आले. हेतू विचाराल तर समुद्रात कोसळलेल्या वा उंचावरून उडी घेणाऱ्या जर्मन वैमानिकांचे प्राण वाचवण्याचा होता. त्याच छावणीत हिवतापाच्या प्रयोगांसाठी ज्यांना निवडले, त्यांत पोलंडमधील कितीतरी कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांतून वाचलेले फादर लिओ मिखालोव्स्की यांनी न्यूरेंबर्गच्या न्यायालयात डॉक्टरांविरुद्ध साक्ष दिली. १९४७ साली त्या खटल्याचा निकाल देताना न्यायाधीशांनी मानवी प्रयोगांविषयी दहा तत्त्वे नमूद केली. ज्याच्यावर प्रयोग व्हायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे, हे त्यांतले पहिले.

ही नाझींची क्रूरता होती, आपल्याशी तिचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. म्हणून रावळपिंडीचे प्रकरण सांगणे भाग आहे. १९३० च्या दशकात आणि पुढे महायुद्धाच्या काळात, दहा वर्षांहून अधिक काळ, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीच्या लष्करी केंद्रात शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅस या विषारी वायूचे प्रयोग केले. हिंदी माणसाच्या कातडीवर त्याचा परिणाम गोऱ्यांच्या कातडीपेक्षा वेगळा होतो काय, आणि रणांगणावर त्याचे किती प्रमाण परिणामकारक ठरेल, हे त्यांना पाहायचे होते. कित्येक शिपायांच्या अंगावर गंभीर भाजल्यासारख्या जखमा झाल्या, काहींना इस्पितळात ठेवावे लागले. हा वायू कर्करोगास कारण होऊ शकतो हे आज सिद्ध झाले आहे. पण त्या शिपायांचे पुढे काय झाले याची कोणी दीर्घकाळ दखल घेतली नाही. २००७ साली ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यातील कागद एका वृत्तपत्राने उजेडात आणले तेव्हा जगाला हे समजले. हे शिपाई कैदी नव्हते. ते त्याच सरकारच्या फौजेत होते, त्याच सरकारचा पगार घेत होते. परेड संपल्यावर त्यांना हुकूम झाला आणि ते गेले.

ब्रिटिशांनी आपल्या स्वतःच्या सैनिकांशीही याहून फार चांगले वर्तन केले असे नाही. १९५३ साली रोनाल्ड मॅडिसन हा वीस वर्षांचा वैमानिक दलातील शिपाई पोर्टन डाऊन येथील प्रयोगशाळेत हातावर सारिन या विषाचे थेंब टाकल्यामुळे मरण पावला. त्या काळी तेथे गेलेल्या अनेकांचा समज असा होता की हे संशोधन साध्या सर्दी-पडशाविषयी आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २००४ साली, पुन्हा झालेल्या चौकशीत त्याचा मृत्यू बेकायदेशीरपणे घडवून आणला गेला असा निर्णय देण्यात आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सैनिकाला वेगळे विचारण्याची गरज नाही असे मानणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. ती नीट ऐकून घेतली पाहिजे. ते दोन युक्तिवाद करतात. पहिला असा: सैनिक हा राष्ट्राच्या देहाचा हात आहे. देह वाचवण्यासाठी हात पुढे करताना आपण हाताची परवानगी घेत नाही. दुसरा असा: ज्याने प्राण देऊ केले त्याने सर्वस्व देऊ केले, मग त्यापुढे थोडेसे रक्त, एखादी लस, चार प्रश्नांची उत्तरे म्हणजे काय मोठे? मोठ्या दानात लहान दान आलेच.

पहिल्या युक्तिवादाला १९५२ सालच्या सप्टेंबर महिन्यात पोप बारावे पायस यांनी उत्तर दिले होते. मज्जासंस्थेच्या विकारांवरील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी रोमला आलेल्या डॉक्टरांपुढे बोलताना त्यांनी वैद्यकीय संशोधनाच्या मर्यादा स्पष्ट केल्या. हाताला देहावाचून वेगळे अस्तित्व नाही. त्याचे सारे प्रयोजन देहासाठी असते. मनुष्याचे समाजाशी असलेले नाते तसे नाही. समाज हा माणसांचा बनलेला आहे, पण माणूस समाजासाठीच घडवलेला नाही. त्याला स्वतःचा आत्मा, स्वतःचे अंतिम ध्येय आहे. म्हणून समाजाच्या हितासाठी अवयव कापावा तसे माणसाला वापरता येत नाही. डॉक्टरला रुग्णावर जो अधिकार मिळतो तो रुग्णाने दिलेला असतो, आणि खुद्द रुग्णसुद्धा आपल्या देहाचा अनिर्बंध मालक नाही. युद्धात माणसाचे काय केले गेले ते नुकतेच जगाने पाहिले होते. त्या पार्श्वभूमीवर हे विचार मांडले गेले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

वाचकांपैकी कोणी विचारील, संत पौलानेही आपल्याला एका देहाचे अवयव म्हटले आहे ना? होय, म्हटले आहे. पण करिंथकरांस लिहिताना त्याने ही उपमा ज्या दिशेने नेली ती पाहावी. दुर्बळ भासणारा अवयवही टाकाऊ नाही, आणि एक अवयव दुखू लागला की सारा देह दुखतो, हा त्याचा रोख आहे. एकाच उपमेतून दोन निष्कर्ष निघू शकतात. देहासाठी अवयव खर्ची घालावा, असा एक. अवयवाच्या वेदनेने देहाने व्याकूळ व्हावे, असा दुसरा. रावळपिंडीच्या शास्त्रज्ञांनी पहिला निष्कर्ष काढला. ख्रिस्तसभेला दुसराच काढता येतो.

दुसऱ्या युक्तिवादाचे उत्तर शपथेच्या स्वरूपात आहे. कोणतेही वचन त्याच्या हेतूने बांधलेले असते. आई लेकरासाठी जीव ओवाळून टाकते. म्हणून तिला न विचारता तिचे मूत्रपिंड काढून घेण्याचा अधिकार इस्पितळाला मिळत नाही. जवानाने देशाच्या रक्षणासाठी प्राण देऊ केले आहेत. सीमेवर गोळी झेलणे त्या वचनात येते. थंडीत चौकीवर उभे राहणे येते. आजारी पडल्यास उपचार घेऊन पुन्हा कामावर रुजू होणे, साथ पसरू नये म्हणून पारखून सिद्ध झालेली लस टोचून घेणे, हेही येते. परंतु संशोधनात अद्याप जे माहीत नाही ते माहीत करून घ्यायचे असते, आणि त्याचा लाभ बहुधा पुढच्यांना होतो. त्यासाठी त्याने काही द्यावे, तर ते नवे दान आहे आणि ते नव्याने मागितले पाहिजे.

सैनिक असे दान देऊ शकतो याविषयी शंका नको. १९०० साली क्यूबामध्ये पीतज्वराचे कारण शोधताना वॉल्टर रीड यांच्या पथकाने ज्यांच्यावर प्रयोग करायचे त्यांच्याशी लेखी करार केले, धोका समजावून सांगितला. जॉन किसिंजर हा अमेरिकन शिपाई आणि जॉन मोरान हा कारकून आपणहून पुढे आले, आणि ठरलेली रक्कम त्यांनी नाकारली असे सांगतात. आज्ञेने केलेले काम आणि मनाने दिलेले दान यांतील अंतर त्या दोघांनी जगाला दाखवून दिले.

खरी अडचण पुढेच आहे. लष्करात ‘नाही’ म्हणण्याची सवयच नसते. किंबहुना ती मोडून काढणे हाच तेथील शिक्षणाचा आरंभ असतो. पलटणीतील डॉक्टर हा डॉक्टर असतो आणि अधिकारीही असतो. त्याच्या खांद्यावरची चिन्हे पाहून जवान उभा राहतो, सलाम ठोकतो. अशा वेळी समोर ठेवलेल्या कागदावर त्याने केलेली सही होकार समजावी की हुकमाची तामिली? डॉक्टर मनाने कितीही सज्जन असला, तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष व्यक्तीचा नसून नात्याचा आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभेच्या जुन्या अनुभवातून घेण्याजोगे काही आहे असे आम्हांला वाटते. आपल्याकडेही आज्ञाधारकतेचे व्रत आहे. धर्मसंघातील व्यक्ती आपली इच्छा वरिष्ठांच्या स्वाधीन करते. तरीही ख्रिस्तसभेने या स्वाधीनतेला एक कुंपण घातले आहे. सेमिनरीचे रेक्टर आणि नवशिक्यांचे गुरू यांनी आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन, त्यांनी आपणहून विनंती केल्याखेरीज ऐकू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेत सांगितले आहे. वरिष्ठांनी आपल्या हाताखालच्यांना अंतःकरण उघडे करण्यास कोणत्याही प्रकारे भाग पाडू नये, असेही त्याच संहितेत आहे. ज्याच्या हाती आपली बढती, बदली, भवितव्य आहे, त्याच्यापुढे माणूस मोकळा होऊ शकत नाही, हे ख्रिस्तसभेला शतकांच्या अनुभवातून उमगले होते. आत्म्याच्या बाबतीत जे खरे, ते देह आणि मन यांच्या बाबतीतही खरे आहे. म्हणून जवानाला संशोधनासाठी विचारताना त्याचा वरिष्ठ तेथे नसावा; विचारणारा त्याच्या पलटणीबाहेरचा असावा; आणि तो जे सांगेल ते त्याच्या नोकरीच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही वरिष्ठ-कनिष्ठ नात्यामुळे ज्यांची संमती दबावाखाली येऊ शकते अशांमध्ये संरक्षण दलांतील व्यक्तींची गणना केली आहे आणि त्यांना विशेष संरक्षण देण्यास सांगितले आहे. हे समाधानाचे आहे. मात्र नियमाच्या पाठीशी समाजाची जाणीव नसेल, तर तो फायलीत पडून राहतो.

होकाराचा आग्रह केवळ न्यायासाठीच आहे असे नाही, सत्यासाठीही आहे. आपल्या सेनेत प्रत्येकाची आरोग्याची श्रेणी ठरलेली असते. मन, कान, हातपाय, एकूण प्रकृती आणि दृष्टी अशा पाच अंगांनी त्याला पारखतात. श्रेणी उतरली की बढती लांबते, नेमणुकीवर परिणाम होतो. अशा माणसाला साहेबांनी विचारले, ‘झोप लागते का? घरची काळजी वाटते का?’ तर तो काय उत्तर देणार? ‘सगळं ठीक आहे, साहेब.’ ही उत्तरे जमवून काढलेली टक्केवारी छापली जाईल, पण तिच्यात सत्य किती असेल? आम्हां पुणेकरांना याचा कडू अनुभव शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. १८९७ साली प्लेग आला तेव्हा रोग्यांना शोधून वेगळे करण्याचा उपाय वैद्यकदृष्ट्या गैर नव्हता. पण तो गोऱ्या शिपायांच्या बुटांनिशी घराघरांत, देवघरांत शिरला. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसांना लपवू लागले. त्यानंतर रँडसाहेबाचा खून झाला आणि पुढचा सारा इतिहास घडला. धाकाने विचारले की माणूस लपवतो, ही गोष्ट छावणीतल्या सर्वेक्षणालाही लागू आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. शत्रू विषारी वायू सोडण्याच्या बेतात आहे; त्यावरचे औषध पूर्ण पारखलेले नाही; एकेकाची संमती घ्यायला वेळ नाही. मग सेनापतीने काय करावे? १९९० साली आखाती युद्धाच्या तोंडावर अमेरिकेत हाच प्रसंग आला. तेथील औषध प्रशासनाने सैनिकांच्या संमतीची अट शिथिल केली. पुढे अनेक सैनिक दीर्घकाळ दुखणी घेऊन परतले, त्यांवर मोठे वाद झाले, आणि १९९८ साली कायदा झाला की अशी सूट केवळ राष्ट्राध्यक्षच देऊ शकतील. आमच्या मते यातून घेण्याचा बोध असा की, प्राणसंकटात सैनिकाचे रक्षण करण्यासाठी दिलेले औषध ही एक गोष्ट, आणि ज्ञान मिळवण्यासाठी केलेला प्रयोग ही दुसरी. पहिल्यात क्वचित अपवाद मानता येईल. पण तो अपवाद ज्याच्या नावाने केला, त्याला नंतर सर्व काही सांगितले पाहिजे, आणि त्याच्या प्रकृतीकडे पुढे आयुष्यभर लक्ष पुरवले पाहिजे.

आतापर्यंत आपण सैनिकाविषयी बोललो. पण त्याच्या घराचे काय? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते, इतक्या पिढ्या तेथील घरांनी फौजेला मुलगे दिले. अशा प्रत्येक मुलामागे एक आई, एक पत्नी रात्री जागी असते. व्हिएतनामच्या जंगलांवर अमेरिकेने जे झाडे मारणारे विष फवारले, त्याच्या संपर्कात आलेल्या सैनिकांच्या मुलांमध्ये पाठीच्या कण्याचा एक जन्मजात दोष आढळू शकतो, हे लक्षात घेऊन १९९६ साली अमेरिकेने अशा मुलांना मदत देण्याचा कायदा केला. त्या मुलांनी कोणती शपथ घेतली होती? त्याच विषाने व्हिएतनामच्या खेड्यांतील मुलांचे जे झाले, त्याची भरपाई तर याहून कठीण. युद्धाचा घाव रणांगणावर थांबत नाही, तो घरात येतो. तेव्हा संशोधनानेही घरापर्यंत यायला हवे. २००१ साली अमेरिकेत सैनिकांच्या आरोग्याचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. दहा वर्षांनी, २०११ साली, त्यात त्यांच्या पतिपत्नींच्या आरोग्याचाही स्वतंत्र अभ्यास जोडण्यात आला. कुटुंबाकडे पाहायला एवढी वर्षे लागावीत, यातच सारे आले.

कण्याची दुखापत घेऊन घरी आलेल्या जवानाची पत्नी काय काय शिकते याचा आपण विचार करावा. रात्रीतून अनेकदा उठून त्याची कूस बदलणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे, त्याचा राग सोसणे, मुलांना बाबांची स्थिती समजावणे. तिच्या पाठदुखीची, तिच्या एकटेपणाची नोंद कोणत्या दप्तरात होते? संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांतून आपल्या तिन्ही दलांत दरवर्षी अनेक जण आत्महत्या करतात हे पुढे आले आहे. त्यांपैकी प्रत्येकाच्या पत्रांतला बदललेला सूर, रजेवर आल्यावरची अबोल बसण्याची सवय, हे सर्वांत आधी घरातल्या माणसांच्याच ध्यानात आले असणार. त्यांना कोणी वेळेवर विचारले असते तर?

मात्र घरच्यांना विचारतानाही एक सावधगिरी हवी. छावणीत पतीचा हुद्दा पत्नीलाही चिकटतो. स्त्रियांच्या मेळाव्यात साहेबांच्या पत्नीने अर्ज वाटला, तर जवानाच्या पत्नीला तो कोरा परत करणे जमत नाही. ‘आपल्या उत्तराने ह्यांच्या नोकरीला धक्का तर लागणार नाही ना?’ ही भीती तिच्या मनात असते. म्हणून तिला पतीपासून आणि पतीच्या पलटणीपासून वेगळे, तिच्या भाषेत, तिच्या सवडीने विचारले पाहिजे. पतीने होकार दिला म्हणून तिचा होकार गृहीत धरणे, हेही हुकूमशाहीचेच एक घरगुती रूप आहे.

आपल्या मराठी भाषेत ‘विचारणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. परवानगी मागणे हा एक. विचारपूस करणे, म्हणजे ‘कसा आहेस?’ असे मायेने पुसणे, हा दुसरा. सैनिकाच्या बाबतीत आपण या दोन्ही अर्थांनी चुकू शकतो. न विचारता त्याचा देह वापरला, तर तो अन्याय. आणि ‘सैनिकांवर संशोधनच नको, उगाच वाद कशाला’ असे म्हणून त्यांची दुखणी तशीच राहू दिली, त्यांच्या घरांची कोणी विचारपूसच केली नाही, तर तोही अन्यायच. रावळपिंडीच्या शिपायांवर हे दोन्ही अन्याय झाले: आधी त्यांना कोणी विचारले नाही, आणि नंतरही कोणी विचारले नाही.

आपल्या धर्मग्रामांत निवृत्त सैनिक आहेत, वीरपत्नी आहेत, लष्करी सेवेत असलेले तरुण डॉक्टर आणि परिचारिका आहेत. त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कोणी अभ्यासासाठी घरी आले, तर त्यांना हाकलून देऊ नये. तुमचा अनुभव दुसऱ्या एखाद्या घराला तारू शकतो. पण सही करण्याआधी कागद आपल्याला समजेल अशा मराठीत वाचून घ्यावा. नकार दिल्यास पेन्शन, उपचार वा मुलाची नोकरी यांवर परिणाम होणार नाही ना, हे स्पष्ट विचारावे. मध्येच बाहेर पडण्याची मुभा मागावी. अभ्यासातून काय निघाले ते आम्हांला कळवाल ना, असा प्रश्न करण्यात संकोच नसावा. ज्ञान ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे ते परत आले पाहिजे. आणि जे स्वतः डॉक्टर वा अधिकारी आहेत, त्यांनी समोरच्याचा नकार सहज निघेल अशी वाट मोकळी ठेवावी. जेथे नकार देता येतो, तेथेच होकाराला किंमत असते.

शुभवर्तमानातील शताधिपतीची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. तो स्वतःचा परिचय करून देताना आपण अधिकाराखाली असल्याचे आणि आपल्या हाताखाली शिपाई असल्याचे सांगतो. एकाला जा म्हटले की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटले की तो येतो. हुकमाचे सामर्थ्य त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? परंतु त्याचा चाकर आजारी पडतो, तेव्हा हुकमाने काही होणार नाही हे तो ओळखतो. जो स्वतः मागू शकत नाही त्याच्यासाठी तो मागायला जातो, आणि प्रभूने आपल्या छपराखाली यावे इतकी आपली योग्यता नाही असे म्हणतो. त्या परक्या सेनाधिकाऱ्याच्या शब्दांवरून घेतलेली प्रार्थना आपण प्रत्येक पवित्र मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी करतो. अधिकार हाती असलेल्या माणसाने आपल्या हाताखालच्या आजारी माणसापाशी कोणत्या भावनेने यावे, हे त्या प्रार्थनेतून दर रविवारी आपल्या कानी पडत असते. छावणीच्या या शहरात राहणाऱ्या आपण तरी ते लक्षपूर्वक ऐकावे.